तीस सेकंदांचं पाऊल

कासवबाईंनी सही करायला नकार दिला, ही बातमी सकाळच्या चहाच्या आधीच कारखानाभर झाली. व्हायचीच होती. बावीस वर्षांत ज्या बाईंचा आवाज कधी जिन्याखाली ऐकू आला नव्हता, त्या साहेबांच्या खोलीतून कागद तसाच बिनसहीचा घेऊन बाहेर आल्या आणि जाताना दार असं आपटलं, की शेजारच्या खोलीतला टायपिस्ट दचकून उभा राहिला. लोकांना आणखी काय हवं.

आता या कासवबाई कोण, तेही सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, सही केली नाही तर नाही केली, एवढं काय आभाळ कोसळलं. कारखाना होता रंगात घालायची राळ बनवणारा. मोठाल्या पोलादी भांड्यात दोन द्रव एकत्र घालायचे. ते आपापसात मिसळताना स्वतःच तापतात. भांड्याभोवती पोलादाचं दुसरं कवच असतं, त्यातून गार पाणी खेळवायचं आणि तो ताप आवाक्यात ठेवायचा. आवाक्यात राहिला तर राळ. नाही राहिला तर भांड्याचं झाकण छपरातून बाहेर, आणि जवळ जो असेल त्याचं काय होईल ते मी सांगायला नको. म्हणून कुठलीही नवी बॅच भांड्यात घालण्याआधी ती कागदावर चालवून बघायची असते. ते काम बाईंचं.

कागदावर चालवायची म्हणजे कशी, तेही ऐका, घाबरू नका. या घटकेला भांडं किती तापलंय ते माहीत असलं, की ते किती वेगाने तापतंय ते काढता येतं. त्या वेगावरून पुढच्या घटकेचं तापमान काढायचं. तिथून पुन्हा वेग, पुन्हा पुढचं तापमान. असं एकेक पाऊल टाकत सहा तासांची बॅच संगणकावर चालत जाते. प्रश्न एवढाच, की पाऊल केवढं टाकायचं. सरळ सपाट रस्त्यावर माणूस ढांगा टाकतो आणि अनोळखी जिना उतरताना पाय चाचपत ठेवतो, तसाच बाईंचा प्रोग्राम होता. प्रत्येक पाऊल तो दोनदा टाकून बघायचा, एकदा एकाच ढांगेत आणि एकदा त्याचे दोन अर्धे करून. दोन्ही उत्तरं जुळली तर पाऊल मंजूर, आणि पुढचं थोडं लांब. नाही जुळली तर पाऊल नामंजूर, मागे ये, अर्धं टाक. तरी नाही जुळलं, आणखी अर्धं. सपाटीवर तो एका ढांगेत पाच मिनिटं ओलांडायचा, आणि जिथे तापमान वळण घ्यायचं तिथे सेकंदाच्या हजाराव्या भागावर यायचा.

या चाचपण्याला वेळ लागायचा, म्हणून कारखान्याने बाईंना कासवबाई केलं. बाईंना ते नाव ठाऊक होतं. त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. एकदा कँटीनमध्ये कुणीतरी तोंडावर म्हणालं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "कासवाच्या पाठीवर कुणी आजवर जळलेलं नाही, तुझं काय म्हणणं आहे?" त्यानंतर तो माणूस वर्षभर त्यांच्या आधी रांगेत उभा राहिला नाही.

तर या वेळी झालं असं. तीच नेहमीची राळ, पण मागणी मोठी आली, म्हणून आठशे लिटरच्या जुन्या भांड्याऐवजी पाच हजार लिटरच्या नव्या भांड्यात करायचं ठरलं. माल सहापट, मग उष्णताही सहापट. पण गार करणारा भांड्याचा पृष्ठभाग काही सहापट वाढत नाही. घरात मोठ्या पातेल्यातला भात तासभर वाफाळत राहतो आणि वाटीतला लगेच निवतो, हे ज्याने एकदा तरी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलंय त्याला कळतं. साहेबांनी ते ठेवलं नसावं. सोमवारी बाईंनी नव्या भांड्याचं गणित संगणकाला दिलं. प्रोग्राम बॅचची पहिली सदतीस मिनिटं तुरुतुरु चालत गेला आणि अडतिसाव्या मिनिटाला जाऊन बसला. नामंजूर. नामंजूर. नामंजूर. मंगळवारी संध्याकाळीही तो अडतिसाव्या मिनिटातच होता.

"तुमचं घोडं कुठे अडलंय?" साहेबांनी विचारलं.

"अडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तिथे काहीतरी आहे म्हणून जपून चाललंय."

साहेबांना एवढं पुरेसं नव्हतं. त्यांनी बुधवारी ते काम इस्त्रीवाल्याच्या हातात दिलं. इस्त्रीवाला म्हणजे बाईंच्याच खोलीत समोरच्या टेबलावर बसणारा सहकारी. त्याच्या आलेखात एक सुरकुती कधी सापडायची नाही, म्हणून ते नाव. माणूस वाईट नव्हता. पण साहेबांच्या कपाळावर आठी दिसली की तो आधी ती घालवायचं बघायचा. त्याने बाईंच्या प्रोग्राममध्ये एक ओळ टाकली. पाऊल तीस सेकंदांचंच टाकायचं, लहान नाही की मोठं नाही. चूक कितीही येवो, तीस सेकंदांचं पाऊल आहे ना, मग ते मंजूर. वीस मिनिटांत अख्खी बॅच कागदावर पार पडली. आलेख असा गुळगुळीत, की कुणी भिंतीवर लावावा. सगळ्यात जास्त तापमान शहाण्णव अंश. साहेब खूश झाले आणि कागद सहीसाठी बाईंच्या टेबलावर आला.

बाईंनी आलेख बघितलाच नाही. त्या आधी शेवटच्या पानावर गेल्या, जिथे किती पावलं नामंजूर झाली तो आकडा छापलेला असतो. तिथे शून्य होतं. साधं पाणी उकळायचं गणित दिलं तरी त्यांच्या प्रोग्रामची दहा-वीस पावलं नामंजूर व्हायची, आणि इथे एवढ्या मोठ्या भांड्यात, शून्य. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग प्रोग्राम उघडला, ती ओळ सापडली, आणि त्यांचे कान तापले.

"हे तू केलंस?"

इस्त्रीवाला टेबलावरच्या टाचण्या गोळा करायला लागला. "बाई, प्रोग्राम अडकत होता म्हणून... तात्पुरतं केलं."

"अडकत होता म्हणून तू त्याचे डोळे बांधलेस आणि वर धक्का दिलास," बाई म्हणाल्या. "अरे, तीस सेकंदांची उडी मारली की या पद्धतीत चढणारं तापमानसुद्धा उत्तरात दाबलं जातं. मुळात जे उसळणार ते सपाट दिसतं. हे तुला शिकवलं होतं मी, याच खुर्चीत बसून."

"साहेब म्हणाले, बघून घ्या," तो हळूच म्हणाला.

बाईंनी ती ओळ काढून टाकली, प्रोग्राम पुन्हा लावला, शेजारच्या प्रयोगशाळेतला दुसरा संगणकही मागून घेतला आणि तोही जोडला. गुरुवारी दुपारी प्रोग्राम अडतिसाव्या मिनिटातून एकदाचा बाहेर आला. चार हजार तीनशे अकरा पावलं नामंजूर झाली होती. भांड्याचं तापमान ब्याण्णव अंशांवरून दोनशे साठच्या पुढे गेलं होतं. लागलेला वेळ होता चौदा सेकंद. इस्त्रीवाल्याची अर्धी उडीसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी बाई ते कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. पुढे काय झालं ते दाराच्या आवाजावरून तुम्हाला थोडं कळलंच आहे.

"चौदा सेकंद," साहेब म्हणाले. ते ओरडत नसत, उलट चिडले की फार गोड व्हायचे. "बाई, संगणकातल्या चौदा सेकंदांसाठी मी एवढी मोठी मागणी परत पाठवू? माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. एक म्हणतंय ठीक आहे, एक म्हणतंय नाही."

"दोन नाहीत, साहेब. एक उत्तर आहे. दुसरं न बघता मारलेली उडी आहे."

"लहान भांड्यात शंभर बॅचेस झाल्या. एकीला तरी काही झालं?"

"लहान भांडं निवतं. मोठं निवत नाही. द्रव हळूहळू घालू, तिप्पट वेळ लागेल, चालेल. मी तेही गणित केलंय, ते बसतंय. त्यावर आत्ता सही करते."

"तिप्पट वेळ नाहीये आपल्याकडे. या कागदावर सही करा."

"नाही."

"उद्या दहा वाजता पहिली बॅच आहे, बाई."

"असू दे. माझी सही नसेल."

आता इथे त्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडत होतं. नव्या बॅचच्या गणितावर ज्याची सही असेल, त्याने पहिल्या दिवशी त्या भांड्यापाशी उभं राहायचं, माल पूर्ण निवेपर्यंत. हे कुठल्या नियमपुस्तकात नाही, कुणी सुरू केलं तेही आता कुणाला आठवत नाही. पण कामगार पहिल्या बॅचला हात लावण्याआधी वर बघायचे, बाई उभ्या आहेत का. आहेत, म्हटलं की हातमोजे चढवायचे. बाई आजवर चौदा वेळा उभ्या राहिल्या होत्या. एकदा तर एकशे दोन ताप असताना, मफलर गुंडाळून, नाक ओढत. म्हणून साहेबांना दुसऱ्या कुणाची सही चालत नव्हती. कागदाला कुणाचीही चालली असती.

साहेब काही कच्चे नव्हते. दुपारी ते स्वतः जिना चढून बाईंच्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले.

"सही मी केलीय," ते म्हणाले. "तुमच्यावर काही नाही, तुमचे हात मोकळे. पण उद्या भांड्याच्या पॅनेलवर तुमचा दीर आहे. मीच लावलाय, चांगला ऑपरेटर आहे. सोमवारी त्याला फोरमन करायचा विचार आहे. तुम्हाला त्याची काळजी वाटणं साहजिक आहे. तेव्हा तुम्ही फक्त येऊन त्याच्याजवळ उभ्या राहा. घरचं माणूस म्हणून. बास."

काय माणूस असतो एकेक. बाईंना क्षणभर ते बोलणं चांगुलपणाचंच वाटलं. मग टेबलावरची पेन्सिल उचलता उचलता त्यांचा हात थांबला. आपण तिथे उभ्या राहिलो, की खालचे लोक सही बघायला थोडेच जाणार आहेत. बाई दिसल्या, की हातमोजे चढणार.

"विचार करते," बाई म्हणाल्या. पण विचार करण्यासारखं काय होतं? एकीकडे दीर एकटा भांड्यापाशी. दुसरीकडे आपण त्याच्याजवळ, आणि आपण जवळ आहोत म्हणूनच बॅच चालू. त्यांना त्या दिवशी जेवणाचा डबा उघडायचंही सुचलं नाही.

हा दीर म्हणजे कोण, तेही सांगतो. बाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा हा अकरा वर्षांचा होता, नाक पुसायला बाही वापरणारा. तरी बाई त्याला पहिल्या दिवसापासून भाऊजी म्हणत आणि अहो-जाहो करत, आणि तो त्यांना अगं-तुगं करून वहिनी वहिनी करत मागे फिरे. घरात यावर हसून हसून लोकांची पोटं दुखायची. बाईंचा नवरा गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. त्यांना मूलबाळ नव्हतं. या दिराला कारखान्यात चिकटवलं बाईंनी, त्याचं लग्न लावलं बाईंनी. आता तो, त्याची बायको आणि बाई, असे तिघं एका छताखाली राहत होते.

त्या संध्याकाळी ताटं वाढली गेली आणि कुणी घास उचलेना.

"वहिनी, तू मला तोंडघशी पाडलंस," दीर म्हणाला. "सगळा कारखाना माझ्या तोंडाकडे बघतोय. वहिनी म्हणते भांडं उडणार, आणि दीर त्याच भांड्यावर उभा. मी काय वेडा म्हणून उभा राहू की शूर म्हणून?"

"उभेच राहू नका, भाऊजी."

"मी नाही राहिलो तर दुसऱ्याला लावतील. परवाच लागलेल्या त्या नव्या पोराला. त्याला निचऱ्याचं चाक कुठल्या बाजूला फिरतं तेसुद्धा ठाऊक नाही. मी निदान चाकापर्यंत पोचेन."

निचऱ्याचं चाक म्हणजे भांड्याच्या तळाशी असलेला मोठा व्हॉल्व्ह वरून उघडायचं चाक. माल हाताबाहेर जातोय असं दिसलं, की ते फिरवायचं आणि अख्खं भांडं खालच्या पाण्याच्या हौदात ओतून टाकायचं.

"चाकापर्यंत पोचून ते पूर्ण उघडायला किती वेळ लागतो?" बाईंनी विचारलं.

"थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

"मोजलंय कुणी कधी? थोडा."

"मला चौदा सेकंद दिसतायत," बाई म्हणाल्या. "ब्याण्णव ते दोनशे साठ, चौदा सेकंदात. त्या इस्त्रीवाल्याने तीस सेकंदांचं पाऊल टाकलं. पहिला पाय अलीकडे, दुसरा पलीकडे, आणि मधे जे घडलं ते त्याने बघितलंच नाही. त्याच्या आलेखात तुम्ही जिवंत आहात, कारण तुमच्या मरणाला तीस सेकंद लागत नाहीत."

जावेने हातातला चमचा ताटात ठेवला. "ताई, असं बोलू नका हो."

"बोलले नाही तर कळणार कसं?" बाईंचा आवाज चढला आणि मग त्यांनाच वाईट वाटलं.

जावेने आपलं ताट थोडं बाजूला सारलं. मग म्हणाली, "साहेबांनी तुम्हाला उद्या तिथे यायला सांगितलंय ना? मग राहा ना उभ्या, ताई. तुम्ही यांच्याजवळ असलात की माझ्या जिवाला घोर नाही राहणार. तुमचं लक्ष असेल, तुम्ही वेळेवर सांगाल."

"मी उभी राहिले, की बॅच चालू होईल," बाई म्हणाल्या. "मी नाही राहिले, तर कदाचित होणार नाही. माझ्या हातात एवढंच आहे, पोरी. मला तिथे यांच्याजवळ उभं राहायचंय. तुझ्याहून जास्त वाटतंय मला तसं. म्हणून तर नाही राहणार."

"म्हणजे मला तिथे एकट्याला सोडणार," दीर म्हणाला.

"हो."

"आणि फोरमनकी गेली तर?"

"जाऊ दे खड्ड्यात फोरमनकी."

तो ताटावरून उठला. हात धुतले, बाहेर गेला, आणि झोपायच्या वेळेपर्यंत वहिनीशी एक शब्द बोलला नाही. असं पंचवीस वर्षांत झालं नव्हतं. बाईंनी ताटं घासली, जावेला हात लावू दिला नाही.

सकाळी त्या उठल्या तेव्हा तो नव्हता. शिफ्ट आठची, आणि हा सहालाच बाहेर पडला होता. डबाही घेतला नव्हता. बाईंना वाटलं, आपलं तोंड बघायचं नाही म्हणून गेला असेल. त्यांनी तो डबा आपल्या पिशवीत टाकला.

दहाला पाच कमी असताना नव्या भांड्याच्या शेडचं मोठं शटर वर होतं. आत माणसाच्या उंचीवर लोखंडी फळ्यांचा माचा, त्यातून वर आलेलं भांड्याचं चकचकीत झाकण, आणि माच्यावर पॅनेलपाशी दीर. खाली पंपापाशी पंपवाला म्हातारा आणि पिंपांजवळ आणखी दोघं. साहेब माच्यावर आले होते, पांढरं हेल्मेट घालून. एवढं मात्र त्यांना द्यायला हवं, ते आले होते. आणि इस्त्रीवाला शटरच्या कडेला, निम्मा आत निम्मा बाहेर.

बाई आवार ओलांडून आल्या. सगळ्यांनी माना वळवल्या. साहेबांनी वरून हात केला. "या बाई, या वर. तुमचीच वाट बघत होतो."

बाई शटरच्या रेषेपर्यंत आल्या. तिथे थांबल्या. दिराकडे बघितलं, त्याने नजर पॅनेलवरून हलवली नाही.

"मी वर येणार नाही, साहेब," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "गणित माझं होतं आणि ते माझ्याकडे नापास झालंय. तुमच्याकडे आहे ते माझं नाही."

त्या वळल्या आणि आवारात, शेडच्या बरोबर समोर, टँकरचे ड्रायव्हर वाट बघत बसतात त्या लोखंडी बाकड्यापाशी गेल्या. हातरुमालाने धूळ झटकली. आणि बसल्या. शेडकडे तोंड करून, पिशवी मांडीवर घेऊन, पाय जुळवून, जसं कुणी आता दिवसभर हलणार नाही असं बसतं तसं.

बाहेरून दिसत होतं, बाई काय ठाम बसल्यात. आतून त्यांची काय अवस्था होती ते मला विचारा. हे बाकडं शेडपासून किती पावलांवर आहे हे त्यांनी येता येता मोजलं होतं, आणि ते पुरेसं लांब नव्हतं. पण स्वतःचं त्यांना काही वाटत नव्हतं. वर तो उभा होता. त्याला अकरा वर्षांचा असताना कांजिण्या झाल्या तेव्हा सात रात्री त्याच्या उशाशी बसलेल्या या बाई, आणि आज त्यालाच असं समोर उभं करून लांब बसल्या होत्या. एकदा वाटलं, उठावं, धावत जावं, त्याच्या दंडाला धरावं. मग पंपवाल्याच्या हातांकडे बघितलं आणि बसून राहिल्या.

पंपवाल्या म्हाताऱ्याने एक हातमोजा चढवला होता. दुसरा हातात होता. त्याने बाकड्याकडे बघितलं, मग वर साहेबांकडे.

"बाई बसल्या," तो म्हणाला.

"दिसतंय मला," साहेब म्हणाले. "सही माझी आहे आणि उभा मी आहे. पंप चालू करा."

"तुम्ही उभे आहात, ते बरोबर," म्हातारा म्हणाला. "पण गणित तुम्ही केलंय का?"

साहेबांनी इस्त्रीवाल्याकडे बघितलं. इस्त्रीवाल्याने शटरच्या साखळीकडे बघितलं. त्याला वर बोलावलं असतं तर तो काय म्हणाला असता कुणास ठाऊक, पण साहेबांनी बोलावलंच नाही. म्हाताऱ्याने चढवलेला हातमोजा काढला, दोन्ही जुळवून पंपावर ठेवले. पिंपांजवळच्या दोघांनी पिंपं तिथेच टेकवली आणि हाताची घडी घातली. घोषणा कुणी दिल्या नाहीत. पहिल्या दिवशी गणित करणारं कुणी उभं नसेल तर काम सुरू होत नाही, एवढीच त्यांची समजूत होती, आणि ती त्यांनी पाळली.

साहेब पॅनेलपाशी सरकले. पंपाचं एक बटण वरही असतं. दिराचा हात त्याच्याजवळच होता. साहेब त्याच्या कानाशी हळू बोलायला लागले. बाईंना काही ऐकू येत नव्हतं. ऐकू यायची गरजही नव्हती, फोरमन हा शब्द ओठांवरूनही ओळखू येतो. त्यांना फक्त हिरवं बटण दिसत होतं आणि त्यावर ठेवलेलं दिराचं बोट. त्यांनी हाक मारली नाही. मान हलवली नाही. सांगायचं ते काल ताटावर सांगून झालं होतं. आता त्याचं तो.

वर काय बोलणं झालं ते पंपवाल्याने नंतर सगळ्यांना सांगितलं, शब्दन्‌शब्द, आणि आजही सांगतो.

"साहेब," दीर म्हणाला, "मी आज सहाला आलो. निचऱ्याचं चाक फिरवून बघितलं, घड्याळ लावून. इथून तिथपर्यंत धावत, आणि पूर्ण उघडेपर्यंत. पाच वेळा."

"बरं मग?"

"बावीस सेकंद. सगळ्यात चांगली वेळ. पहिल्या वेळी सव्वीस."

"त्याची गरजच पडणार नाहीये."

"वहिनी चौदा म्हणते." त्याने बटणावरचं बोट काढलं. "तुम्ही करून बघा साहेब. अकरा वेळा फिरवायचंय चाक. मी घड्याळ लावतो. चौदाच्या आत आलात तर बटण मी दाबतो."

साहेबांनी चाकाकडे बघितलं. माच्याच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याच्या पलीकडे होतं ते. बराच वेळ बघत राहिले. त्यांचा एक पाय थोडा पुढे आला असंही म्हातारा सांगतो, पण मला ते खरं वाटत नाही.

"तुला कळतंय का तू काय करतोयस?" ते शेवटी म्हणाले. या वेळी आवाज गोड नव्हता.

"कळतंय. सोमवारी दुसऱ्याला करा फोरमन."

त्याने पॅनेलची किल्ली काढून साहेबांच्या हातात दिली. हेल्मेट खुंटीला अडकवलं. माच्याच्या लोखंडी पायऱ्या उतरून खाली आला, पंपवाल्याच्या समोरून, इस्त्रीवाल्याला ओलांडून, उन्हात आला. बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्यांनी त्या पुसल्या नाहीत, कारण पिशवीवरचे हात काही केल्या सुटत नव्हते. तो बाकड्यापाशी येऊन उभा राहिला. चेहरा घामाने थबथबलेला.

"सरक जरा, वहिनी," तो म्हणाला.

बाई सरकल्या. त्याच्या मागून पंपवाला आणि पिंपांवरचे दोघंही येताना दिसले, तशा आणखी थोड्या सरकल्या.